लवकर सापडलेला प्रोस्टेटचा कॅन्सर : ऑपरेशन, शेक की लक्ष ठेवून थांबणं?

नमस्कार. तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ६४, बडोद्यात मांजलपूरला राहता, कारखान्यातून निवृत्त, मधुमेह बरीच वर्षं आहे पण आटोक्यात. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी, ६.८ आला. एमआरआयमध्ये प्रोस्टेट ५२ ग्रॅमची आणि एका जागी ‘पायरॅड्स ३’ असा मधल्या दर्जाचा संशय. बायॉप्सीच्या १२ तुकड्यांपैकी दोनांत ग्लीसन ३+३=६ (ग्लीसन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा आक्रमकतेचा दर्जा, आकडा मोठा तितका आजार जोरकस). एका डॉक्टरांनी रोबोटनं ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी शेक, म्हणजे रेडिएशन. टोरांटोचा मुलगा म्हणतो, काढून टाका आणि मोकळे व्हा. आणि तुम्ही विचारता, “यानंतर माझं रोजचं आयुष्य कसं राहील, हे कोणीच का सांगत नाही? कमाटीबागेतलं फिरणं, गावाला जाणं, आणि पत्नीबरोबरचं आयुष्य?”

हा प्रश्न सगळ्यात शेवटी, जरा संकोचून विचारलात. माझ्या मते तो सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न आहे. तुमच्या रिपोर्टचा आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आयुष्याच्या लांबीत या उपचारांमुळे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो लघवी, शौच, शरीरसंबंध आणि मनाची शांतता यांत. तेव्हा ‘सगळ्यात चांगला उपचार कोणता’ हे विचारण्याआधी ‘मला आत्ता उपचार लागतोय का’ हे विचारा. लागत असेल, तर कोणता त्रास मी सोसू शकेन आणि कोणता नाही, हा त्यापुढचा प्रश्न.

मी युरोसर्जन आहे, ही ऑपरेशनं बरीच वर्षं करतो आहे. माझा कल कुठे असू शकतो हे तुम्हाला आधीच ठाऊक असावं म्हणून सांगतो. सर्जन ऑपरेशन सुचवतो, रेडिएशनचा डॉक्टर शेक सुचवतो. यात कोणाची लबाडी नसते. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर त्याचे बरे झालेले पेशंट असतात. तुम्ही दोघांना भेटलात हे चांगलंच केलंत.

पुढे जाण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या. माझ्या पुढच्या सगळ्या बोलण्याला त्यांचाच आधार आहे.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही ओझरतं लिहिलंय की प्रोस्टेट वाढली म्हणून दोन वर्षं रात्रीची एक गोळी चालू आहे. ती कोणती? नुसती टॅम्सुलोसिन असेल तर पीएसएवर काही परिणाम नाही. पण आपल्याकडे टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली गोळी सर्रास दिली जाते. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे ती गोळी चालू असताना आलेला ६.८ हा प्रत्यक्षात १३-१४ समजावा लागतो. दहाच्या वर पीएसए गेला की आजार ‘कमी धोक्याचा’ राहत नाही, मधल्या गटात जातो आणि हिशेब बदलतो. आजच गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते पाकीट दाखवा. नाव तोंडी सांगू नका.

दुसरी गोष्ट : एमआरआयमध्ये जी संशयाची जागा दिसली, तिथून वेगळे तुकडे घेतले होते का? नुसते नेहमीच्या पद्धतीनं चारी बाजूंचे १२ तुकडे घेतले असतील, तर नेमकी ती जागा सुटलेली असू शकते. तिसरी : बायॉप्सीच्या स्लाइड्स दुसऱ्या, प्रोस्टेट रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. स्लाइड आणि तुकडे जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ३+३ आणि ३+४ यांच्यामधली रेघ कधी कधी बघणाऱ्याच्या नजरेवरही असते, आणि त्या रेघेवर तुमचा पुढचा सगळा निर्णय उभा आहे.

हे करण्यात चार-सहा आठवडे जातील. जाऊ देत. या दर्जाचा आजार वर्षानुवर्षांच्या गतीनं सरकतो, दीड-दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. ‘लवकर करा’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे विचारा : या रिपोर्टमध्ये अशी कोणती गोष्ट आहे जिच्यामुळे दोन महिने थांबणं धोक्याचं आहे?

तुमच्या मुलाची घाई मला कळते. आपल्या समाजात प्रोस्टेटचा कॅन्सर म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते कोणीतरी काका, ज्यांना कंबरदुखीसाठी महिनोन्‌महिने मालिश चालू होती आणि मग कळलं की हाडांत पसरलंय. माझ्याकडे अजूनही असे पेशंट येतात, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण तो आजार आणि तुमचा आजार यांत नाव सोडलं तर फार थोडं सारखं आहे. ग्लीसन ६ हा आज दिला जाणारा सगळ्यात खालचा दर्जा. निव्वळ ग्लीसन ६ असलेली गाठ शरीरात दुसरीकडे पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. इतकं, की तिला कॅन्सर म्हणावं का यावरच तज्ज्ञांमध्ये वाद चालू आहे. वेगळ्याच कारणानं गेलेल्या वृद्ध पुरुषांच्या शवविच्छेदनात असे बारीक कॅन्सर वारंवार सापडतात. त्यांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नव्हता.

आता आकडे. इंग्लंड-वेल्स-स्कॉटलंडमधला एक मोठा अभ्यास या विषयात सगळ्यात उपयोगी आहे, त्याचं नाव ‘प्रोटेक्ट’. १९९९ ते २००९ या काळात पीएसए तपासणीतून लवकर सापडलेल्या, ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं : ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेलेले फक्त ४५, म्हणजे २.७ टक्के, लक्ष ठेवण्याच्या गटात ३.१, ऑपरेशनच्या २.२, रेडिएशनच्या २.९. संख्याशास्त्रानं त्या तिघांत फरक मानता येत नाही. त्याच काळात सगळ्या कारणांनी मिळून मात्र २१.७ टक्के लोक गेले. तुमच्या मधुमेहाकडे आणि हृदयाकडे लक्ष देणं हे प्रोस्टेटपेक्षा कमी तातडीचं नाही, हे मी त्यावरूनच म्हणतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लक्ष ठेवण्याच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण दुप्पट होतं : ९.४ टक्के, बाकीच्या दोन गटांत पाचच्या आसपास. आणि त्या गटातल्या ६१ टक्के लोकांनी पंधरा वर्षांत कधी ना कधी ऑपरेशन किंवा रेडिएशन करून घेतलं. मात्र त्या काळी बायॉप्सीआधी एमआरआय होत नसे आणि लक्ष ठेवण्याची पद्धतही आजच्याइतकी काटेकोर नव्हती. त्या गटांत मधल्या आणि वरच्या धोक्याचेही बरेच लोक होते. शिवाय त्यातले जवळजवळ सगळे गोरे होते. आपल्या माणसाला ते आकडे तंतोतंत लागू होतील असं मी म्हणणार नाही, पण दिशा कळायला ते पुरेसे आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न. ऑपरेशनपासून सुरू करतो, कारण त्यातलं मी सगळ्यात जवळून पाहिलंय.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. ग्रंथी काढताना तो नळीचा तुकडा जातो आणि मूत्राशय खाली ओढून उरलेल्या नळीला शिवावं लागतं. लघवी धरून ठेवायला दोन यंत्रणा असतात. एक या ऑपरेशनमध्ये जाते, दुसरी, म्हणजे खालचं स्नायूंचं कडं, तिच्यावर सगळा भार येतो. कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, साधारण आठवडा-दहा दिवसांनी काढतात, आणि त्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाची लघवी गळते. खोकला, शिंक, खुर्चीवरून उठणं, नातवाला उचलणं. हे माणसाला आधी सांगितलेलं नसेल तर तो खचतो. त्याला वाटतं ऑपरेशन फसलं.

बहुतेकांची गळती तीन ते सहा महिन्यांत खूप कमी होते, वर्षभर सुधारत राहते. प्रोटेक्टमध्ये ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. लक्ष ठेवण्याच्या गटात सहा वर्षांनी ८, रेडिएशनच्या गटात ४. म्हणजे बहुतेक बरे होतात, पण सहातल्या एकाला पॅड कायमचा लागू शकतो. बरेचदा तो दिवसाला एक, केवळ खबरदारीचा. पण आपल्याकडे त्या एका पॅडचा अर्थ काय होतो, हे आकड्यात येत नाही. रावपुऱ्यात राहणारे माझे एक पेशंट पॅड घ्यायला पार अलकापुरीला जायचे, ओळखीच्या मेडिकलवाल्याला कळू नये म्हणून. एकांनी देवळात मांडी घालून बसणं सोडलं, दुसऱ्यांनी नवरात्रात गरबा बघायला जाणं. गळती चमचाभर होती, पण आयुष्य त्यामानानं फार आक्रसलं. तुम्ही रोज कमाटीबागेत ज्या मंडळींबरोबर फिरता, त्यांच्यासमोर पँटवर डाग पडला तर तुम्ही दुसऱ्या दिवशी जाल का? याचं खरं उत्तर स्वतःला द्या. काही जण हसून जातात, काही वर्षभर घराबाहेर पडत नाहीत. माणूस तोच, ऑपरेशन तेच, परिणाम वेगळा.

ऑपरेशन ठरलंच, तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आधी महिनाभर सुरू करा. वारा सरू नये म्हणून आपण जे स्नायू आवळतो, ते आत-वर ओढायचे, पाच-सात सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही, आणि लघवी करता करता हा सराव करायचा नाही. बरेच लोक तो चुकीचा करतात, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. उठण्याआधी, खोकण्याआधी आवळायची सवय लागली की फरक जाणवतो. वर्षभरानंतरही गळती जास्त राहिली तर त्यावर पट्टी बसवण्याचं किंवा कृत्रिम स्फिंक्टरचं, म्हणजे लघवी अडवणाऱ्या बनावट कड्याचं, ऑपरेशन आहे. चांगला उपाय आहे, महाग आहे, आणि त्यासाठी मोठ्या केंद्रात जावं लागतं.

आता पत्नीबरोबरच्या आयुष्याबद्दल. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिकटून असतात. १९८२ पर्यंत हे ऑपरेशन झालं की ताठरता गेली असंच समजलं जाई. त्या वर्षी अमेरिकेत पॅट्रिक वॉल्श यांनी, नेदरलँड्सच्या पीटर डोंकर यांच्याबरोबर केलेल्या अभ्यासाच्या आधारे, त्या नसा वाचवून ऑपरेशन करून दाखवलं. तेव्हापासून चित्र सुधारलं, पण जितकं सांगितलं जातं तितकं नाही. नसा वाचवल्या तरी त्या हाताळणीनं बधिर होतात आणि जाग्या व्हायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. प्रोटेक्टमध्ये सुरुवातीला ६७ टक्के पुरुषांना संबंधापुरती ताठरता येत होती. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात १२ टक्के, रेडिएशनच्या २२, लक्ष ठेवण्याच्या ५२. सहा वर्षांनी अनुक्रमे १७, २७ आणि ३०. शेवटचा आकडा पाहा : लक्ष ठेवलेल्यांतही तो ३० वर आला. वय वाढलं, आणि तोपर्यंत त्यांतल्या काहींनी उपचारही घेतले होते. म्हणजे सगळं खापर ऑपरेशनवर फोडता येत नाही, पण जे दहा वर्षांत हळूहळू जाणार होतं, ते ऑपरेशन एका सकाळी नेतं. त्या धक्क्याला तयारी लागते.

तुमचा मधुमेह इथे मध्ये येतो. मधुमेहानं नसा आणि बारीक रक्तवाहिन्या आधीच थकलेल्या असतात, त्यामुळे परत येण्याची शक्यता कमी होते. आज ताठरता कशी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तम असेल तर गमावण्यासारखं बरंच आहे. आधीच फारशी नसेल आणि तुम्हा दोघांनाही त्याचं काही वाटत नसेल, तर निर्णय घेताना या मुद्द्याचं वजन तितकंच कमी धरा.

आणखी दोन गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येत नाही, कारण ते बनवणारे भाग काढलेले असतात. सुखाची भावना मात्र राहते, ताठरता नसली तरी. काहींना त्या क्षणी थोडी लघवी येते. आधी मूत्राशय रिकामं करणं हा त्यावरचा साधा उपाय. ताठरतेसाठी गोळ्या आहेत, निर्वात पंप आहे, इंजेक्शन आहे. छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर या ताठरतेच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, रक्तदाब धोकादायक इतका खाली जातो.

पत्नीशी बोला, आणि निर्णयाच्या आधी. माझ्या खोलीत बहुतेक वेळा बाई नवऱ्याशेजारी गप्प बसलेल्या असतात. मुलगा बोलतो, जावई बोलतो. म्हणून मी मुलांना जरा बाहेर बसायला सांगतो आणि त्या दोघांनाच विचारतो. तेव्हा जे निघतं ते बहुतेकदा नवऱ्याच्या अंदाजापेक्षा वेगळं असतं. एका बाईंनी सांगितलं होतं, “मला त्याचं काही नाही, पण हे पलीकडच्या खोलीत झोपायला लागले तर मला चालणार नाही.” ऑपरेशननंतर पुरुष जवळीकच टाळायला लागतात, हातही धरत नाहीत, कारण पुढे काही जमणार नाही ही धास्ती असते. संसारात त्याचं दुःख जास्त होतं, असा माझा अनुभव आहे.

रोबोटचं विचारलंय म्हणून : रक्त कमी जातं, दुखणं कमी, घरी लवकर. पण लघवी आणि ताठरता रोबोटमुळे जास्त वाचते का? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला उघडं ऑपरेशन आणि रोबोट यांची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. दोन वर्षांनी या दोन्ही बाबतींत फरक दिसला नाही. यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. डॉक्टरांना विचारा : वर्षाला अशी किती करता, आणि तुमच्या पेशंटपैकी वर्षभरानं पॅडविना किती जण असतात? ज्याच्याकडे या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही, त्याच्याकडून मी स्वतः करून घेणार नाही.

आता शेक. कापाकापी नाही, भूल नाही, कॅथेटर नाही. पूर्वी सात-आठ आठवडे रोज जावं लागे. आता चार आठवड्यांत २० वेळा ही पद्धत रुळली आहे, काही ठिकाणी पाच वेळांतही देतात. यात गळती क्वचित होते, तिथे शेक सरळ जिंकतो. त्रास असतो तो दुसऱ्या प्रकारचा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला वारंवार जावं लागतं, जळजळ होते, शौचाला घाई होते, थकवा येतो. हे बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत निवळतं. त्या काळात मांडवीची सेव-उसळ आणि दिवसाचे पाच-सहा चहा बंद. तिखट आणि चहा-कॉफीनं चिडलेलं मूत्राशय आणखी चिडतं. पुढे वर्षांनंतर थोड्या लोकांना शौचातून रक्त जातं, लघवीची नळी आकसते. प्रोटेक्टमध्ये बारा वर्षांनी शौचाची थोडी गळती रेडिएशनच्या गटात १२ टक्क्यांना होती, इतरांत ६. ताठरता ऑपरेशनसारखी एका दिवसात जात नाही, दोन-पाच वर्षांत उतरत जाते.

तुमच्या बाबतीत एक अडचण दिसते. प्रोस्टेट ५२ ग्रॅमची, गोळी चालू, म्हणजे लघवीला अडथळा आहे. अशा माणसाला शेकाच्या काळात लघवी तुंबण्याचा त्रास जास्त होतो. ऑपरेशननं तो अडथळा जातो, रात्रीचं उठणं कमी होतं. दुसऱ्या बाजूला हृदय कमजोर असेल, रक्त पातळ करण्याची औषधं थांबवता येत नसतील, तर शेक बरा. आतड्याला अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा आजार असेल तर शेक टाळावा. आणि शेकानंतर आजार परतला तर ऑपरेशन फार अवघड होतं. ऑपरेशननंतर परतला तर शेक देता येतो. हा मुद्दा सर्जन आवर्जून सांगतात, मीही सांगतो. पण तुमच्या दर्जाच्या आजारात परतण्याचीच शक्यता कमी असल्यानं त्याला फार वजन देऊ नका.

शेकाबरोबर हार्मोनचं इंजेक्शन सुचवलं तर ‘कशासाठी’ हे विचारा. मधल्या धोक्याच्या आजारात चार-सहा महिने त्याचा उपयोग होतो. कमी धोक्याच्या आजारात त्याची गरज नाही. त्यानं इच्छाच मरते, अंगातून वाफा येतात, स्नायू जातात, पोट सुटतं, साखर वाढते.

राहिलं लक्ष ठेवून थांबणं. याला ‘काही न करणं’ समजू नका. ती एक शिस्त आहे. दर सहा महिन्यांनी पीएसए, शक्यतो त्याच लॅबमध्ये, लघवीला जंतुसंसर्ग नसताना. वर्षातून एकदा बोटानं तपासणी. वर्षभरात पुन्हा एमआरआय आणि बायॉप्सी, पुढे दोन-तीन वर्षांनी. बायॉप्सी शक्य तर गुदद्वारातून न करता अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून करून घ्या, संसर्ग कमी होतो. दर्जा ३+४ किंवा वर गेला, गाठ वाढली, की उपचाराचा विचार. आणि तेव्हाही बहुतेकांना बरं होण्याची संधी तीच राहते.

याचा खर्च मनाला बसतो. पीएसएच्या तारखेआधी आठवडाभर झोप न लागणारे लोक मी पाहतो. गंमत वाटेल, पण प्रोटेक्टमध्ये तिन्ही गटांत चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण सारखंच निघालं. उपचार घेतलेल्यांनाही पीएसए करावाच लागतो आणि धडधड व्हायचीच ती होते. तरीही ‘अंगात कॅन्सर आहे’ हा विचार ज्याला रोज रात्री जागं ठेवतो, त्याला मी जबरदस्तीनं थांबवत नाही. तेही जगण्याच्या दर्जातच मोडतं. आणि जो तपासणीला येणारच नाही, त्याला मी हा मार्ग सुचवत नाही. बडोद्यातले अनेक जण सहा महिने मुलांकडे परदेशात असतात. तुम्हीही जात असाल तर तारखा जाण्या-येण्याला जुळवून आधीच ठरवा, आणि सगळे रिपोर्ट फोनवर एका जागी ठेवा. वडील, काका, भाऊ यांपैकी कोणाला कमी वयात प्रोस्टेटचा, किंवा घरात आई-बहिणीला स्तनाचा अथवा बीजकोषाचा कॅन्सर असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. काही कुटुंबांत जनुकीय दोषामुळे हा आजार जास्त आक्रमक असतो आणि मग थांबण्याबद्दल सावध राहावं लागतं.

हे सगळं ठरवायच्या आधी दोन आठवडे एक वही ठेवा. रात्री किती वेळा उठता, लघवी धरवते का, गळते का, शौच कसं आहे, ताठरता येते का, टिकते का. लाजू नका, ती वही फक्त तुमची, पत्नीची आणि डॉक्टरची. आज तुमच्याकडे काय आहे हे लिहिलेलं नसेल, तर उद्या काय गेलं हे ना तुम्हाला कळेल ना मला. अर्धे वाद इथेच होतात : पेशंट म्हणतो ऑपरेशनमुळे झालं, डॉक्टर म्हणतो आधीपासून होतं.

आता माझं मत. तुमच्या गोळीत ड्युटास्टेराइड नाही, संशयाच्या जागेचे तुकडे घेतलेले आहेत आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनंही ३+३च सांगितलं, असं धरून चालतो. पीएसए प्रोस्टेटच्या आकाराच्या मानानं किती आहे हेही बघतात : ६.८ ला ५२ नं भागलं तर ०.१३ येतात, हा आकडा ०.१५ च्या खाली असणं दिलासा देणारं आहे. मग तुम्ही माझ्या खोलीत असतात, तर मी म्हटलं असतं : आत्ता ऑपरेशनही नको, शेकही नको. लक्ष ठेवू. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा, चालणं चालू ठेवा, सहा महिन्यांनी पीएसए घेऊन या. मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्या. त्याला पंधरा वर्षांचे आकडे मी समजावून सांगितले असते. तुमच्या डॉक्टरांनाही तीच विनंती करा, बहुतेक जण आनंदानं करतात.

यातलं एक जरी वेगळं निघालं, म्हणजे गोळीत ड्युटास्टेराइड असलं, स्लाइडवर ४ हा आकडा दिसला, किंवा त्या संशयाच्या जागेतून तुकडे घेतलेच नसले, तर वरचं मत बाजूला ठेवा. शेवटच्या बाबतीत आधी त्या जागेची बायॉप्सी. पहिल्या दोनांत उपचाराची चर्चा खऱ्या अर्थानं सुरू होईल, आणि तेव्हा तुमची ती वही, पत्नीचं म्हणणं आणि लघवीचा अडथळा हे तिन्ही घेऊन सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर या दोघांसमोर पुन्हा एकदा बसा.